सळईला कान

व्हेनिसचे पैसे
बिल्डिंगच्या पुनर्विकासात गेले,
म्हणून मुलीने मोबाइलवरून आम्हाला
दीडशे रुपये माणशी
मासुंद्याच्या काठावर आणून सोडलं.
संध्याकाळचे सहा. तेरा माणसं, दोन छत्र्या,
घोडबंदरहून आलेली एक बाई फक्त फोटोंसाठी.

वाट दाखवणारे झिराडकर.
महापालिकेत चौतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले,
हातात पुरुषभर उंचीची लोखंडी सळई.
म्हणाले, पहिल्या आगगाडीची गोष्ट
तुम्हाला पाठ असेल, ती मी सांगणार नाही.
मी खालचं सांगतो.

'खालचं म्हणजे गटार,' हे म्हणाले.
(हे असेच. डावा कान गेल्यापासून
कुजबुजसुद्धा मोठ्याने करतात.)
झिराडकरांनी ऐकलं, रागावले नाहीत.
'गटार तर गटार.
नाव वरच्यांनी ठेवलं,
पाणी काही बारशाला आलं नव्हतं.'

तलाव किती होते ठाण्यात?
कुणी साठ म्हणतं, कुणी त्याहून जास्त.
'मोजणारे मोजत राहिले, बुजवणारे बुजवत.
ओहोळांची तर यादीच नाही.'
असं म्हणत ते जांभळी नाक्याच्या गर्दीत शिरले,
मेथीच्या जुड्यांमधून, हातगाड्यांच्या चाकांमधून,
आणि आम्ही त्यांच्या सळईच्या टोकामागे,
पिल्लांसारखे.

टेंभी नाक्याजवळ सिनेगॉगच्या चौकटीला
त्यांनी हात लावला, बोटं ओठांशी नेली.
तेवढ्या एका जागेची
माहिती दिली नाही.

मग एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानासमोर,
फरशीच्या फटीत सळई रोवून म्हणाले,
'लावा कान.'
फोटोवाल्या बाईने लावला. 'काही नाही.'
कॉलेजच्या पोराने लावला. 'रिक्षा ऐकू येते.'
मी लावला. थंड लोखंड, गंजाचा वास,
आणि कुणीतरी फार लांबून
तांदूळ पाखडल्यासारखं काहीतरी.
मला वाटलं, माझंच रक्त असेल.

'तुम्ही?'
हे आधी नको म्हणाले. गुडघे.
मग वाकलेच, उजवा कान टेकवला
आणि उठेनात.
दुकानदार काउंटरवरून डोकावला,
एक स्कूटर हॉर्न देऊन देऊन थकली.
मी पाठीवर हात ठेवला.
हात वर करून मला थांब म्हणाले,
सामन्याच्या शेवटच्या षटकात
करतात तसा.

पुढे तुरुंगाची भिंत आली, जी एकेकाळी किल्ल्याची होती.
झिराडकर खंदकाबद्दल बोलले, मी नीट ऐकलं नाही.
चेंदणीच्या बंदरावर अंधार होता,
ओहोटी, चिखलात कलंडलेल्या होड्या,
जाळं आवरणारी एक म्हातारी ओरडली,
'काय रं, आज किती गिऱ्हाइकं आनलीस?
खाडी बगायला पैशे देतात?'
'देतात, मथुराबाई.'
'मंग वासाचे येगळे घे.'
सगळे हसलो. इथेच संपलं.

हे हसले नाहीत. रिक्षात गप्प.
नौपाड्याशी आल्यावर अचानक म्हणाले, 'थांबवा.'

आमची बिल्डिंग होती तिथे आता
निळे पत्रे आणि एक खड्डा.
दोन वर्षांपासून बिल्डर सांगतोय,
तळघराला पाणी लागलं, उपसतोय.
आम्हाला वाटायचं, बहाणा.
पंप चालू होता. जाड पाइपातून
पाणी रस्त्यावर येत होतं, गढूळही नव्हतं,
दिव्याखाली चमकत
उताराने खाडीकडे निघालं होतं.

'सव्वीस वर्षं,' हे म्हणाले,
'याच्यावर झोपलो आपण.
आणि टँकरसाठी रात्री भांडलो.'

मी म्हटलं, चला, वॉचमन बघतोय.
पण यांनी छत्रीचं टोक
पत्र्याखालच्या मातीत खुपसलं
आणि मुठीला कान लावला,
उजवा.
मग विचार करून
डावा.